आत शिरलेल्या एचपीव्हीवर लस: उपचारात्मक लसींचं गाडं नेमकं कुठं अडलंय

गर्भाशयमुखाच्या बायोप्सीच्या अहवालावर ‘सीआयएन २’ किंवा ‘सीआयएन ३’ असं लिहून आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कॅन्सर आहे का? नाही, ही कॅन्सरच्या आधीची अवस्था आहे. लगेच दुसरा प्रश्न येतो: मग ती एचपीव्हीची, म्हणजे ही अवस्था घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस आता घेतली तर हे जाईल का? याचंही उत्तर नाही असंच आहे. मात्र ही अवस्था लसीनेच बरी करता येईल का, यावर नव्वदच्या दशकापासून माणसांवर चाचण्या चालू आहेत. त्यांतून काही आशादायक आकडे आले आणि काही मोठ्या अपेक्षा आपटल्याही.

आधी ही अवस्था म्हणजे काय ते पाहू. पिशवीच्या तोंडावर, म्हणजे गर्भाशयमुखावर, पेशींचं एक अस्तर असतं. त्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. एचपीव्हीने बिघडलेल्या पेशी या अस्तराच्या तळाच्या एक तृतीयांशात असल्या तर सीआयएन १, दोन तृतीयांशापर्यंत चढल्या तर सीआयएन २ आणि जवळपास पूर्ण जाडी व्यापली तर सीआयएन ३. अस्तराखाली एक पातळ पटल असतं. बिघडलेल्या पेशी ते ओलांडून खाली उतरल्या की त्याला कर्करोग म्हणतात. कॉल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख तपासताना, डॉक्टर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि त्याची कड कुठं संपते ते दिसतं. बायोप्सीचा तुकडा तिथून घेतात.

आपल्याकडे ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. आतल्या बाजूचं लालसर अस्तर बाहेर दिसणं तरुण वयात नैसर्गिक असतं आणि त्याचा सीआयएनशी संबंध नसतो. बायोप्सीचा लेखी अहवाल हातात नसेल तर ‘जखम’ या शब्दावर कुठलाच निर्णय घेऊ नये.

या तीन पायऱ्यांपैकी बऱ्याच जणींची अवस्था आपोआप मागे फिरते. सीआयएन १ बहुतेक वेळा जातो. सीआयएन २ बद्दल अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली आलेला हिशेब असा: दोन वर्षांत निम्म्या स्त्रियांमध्ये तो मागे फिरला, १८ टक्क्यांमध्ये पुढे गेला आणि उरलेल्यांमध्ये तसाच राहिला. सीआयएन ३ मात्र गंभीर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथं एका रुग्णालयात एके काळी सीआयएन ३ वर पुरेसे उपचार न करता नुसतं लक्ष ठेवण्यात आलं. त्या दुर्दैवी प्रकरणातून कळलं की अशा स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. हे आकडे लक्षात ठेवा, कारण लसींच्या चाचण्यांचे निकाल त्यांच्याशिवाय वाचताच येत नाहीत.

प्रतिबंधक लस इथं का चालत नाही

बाजारात मिळणाऱ्या एचपीव्ही लसींमध्ये, मग ती गार्डासिल असो की पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक, विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं एल१ हे प्रथिन असतं. त्याचे पोकळ गोळे टोचले की शरीर त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. विषाणू नव्याने आत येऊ लागला की ही प्रतिपिंडं त्याला पेशीत शिरण्याआधीच धरतात. काम चोख, पण ते बाहेरचं.

एकदा शिरकाव झाल्यावर एचपीव्ही अस्तराच्या तळाच्या पेशींमध्ये राहतो आणि तिथं तो एल१ बनवतच नाही. कवच तयार होतं ते वरच्या, गळून जाणाऱ्या थरांमध्ये. तळाच्या पेशीवर प्रतिपिंडाला पकडायला काही नसतं आणि प्रतिपिंड पेशीच्या आत जात नाही. हरभऱ्याच्या दाण्यात किडा शिरल्यावर डब्याचं झाकण घट्ट लावण्यासारखं ते आहे. हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. कोस्टा रिकात आधीच एचपीव्ही असलेल्या स्त्रियांना ही प्रतिबंधक लस देऊन पाहिली. बारा महिन्यांनी विषाणू गेलेल्यांचं प्रमाण लस घेतलेल्यांत ४८.८ टक्के, तर तुलनेच्या गटात ४९.८ टक्के. म्हणजे काडीचाही फरक नाही.

मग नेम कशावर धरायचा

एचपीव्हीची सगळी जनुकं मिळून जेमतेम आठ हजार अक्षरांची. त्यांतली ई६ आणि ई७ ही दोन सगळ्या उपद्रवाचं मूळ. ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ ला नष्ट करवतं. पी५३ चं काम असतं बिघडलेली पेशी थांबवणं किंवा मारणं. ई७ हे आरबी या प्रथिनाला निकामी करतं, त्यामुळे पेशीच्या विभाजनावरचा लगाम सुटतो. (बायोप्सीवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं असतं ते याचंच प्रतिबिंब. आरबी निकामी झालं की पी१६ भरमसाट वाढतं आणि रंग दिल्यावर तपकिरी दिसतं.) पुढे विषाणूचा डीएनए माणसाच्या गुणसूत्रात घुसतो तेव्हा ई२ हे जनुक बहुधा तुटतं. ई६-ई७ वर अंकुश ठेवणारं तेच असतं, त्यामुळे ही दोन प्रथिनं आणखी बोकाळतात.

संशोधकांना ही जोडी आवडते याचं कारण साधं आहे. बिघडलेल्या पेशीला ई६ आणि ई७ टाकून देता येत नाहीत, कारण त्यांच्याशिवाय तिची वाढच थांबते. इतर अनेक कर्करोगांत पेशी ओळखीची खूण पुसून निसटतात, इथं ती सोय नाही. शिवाय ही प्रथिनं निरोगी पेशीत नसतातच, त्यामुळे चुकीच्या जागी हल्ला होण्याची भीती कमी. कागदावर यापेक्षा सोपं लक्ष्य मिळणं अवघड.

उपचारात्मक लस म्हणजे हे ई६-ई७ शरीराच्या संरक्षक पेशींना अशा रीतीने दाखवायचं की ते ओळखणाऱ्या मारक टी-पेशी मोठ्या संख्येने तयार व्हाव्यात. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडत असते. टी-पेशी ते तपासते, ई७ चा तुकडा दिसला की त्या पेशीला मारते. पण ई६ आणि ई७ हीच कर्करोगाला कारण ठरणारी जनुकं आहेत, ती जशीच्या तशी टोचणं धोक्याचं. म्हणून लसीत त्यांची रचना बदललेली असते: पी५३ आणि आरबीला चिकटणारे भाग मोडलेले किंवा तुकड्यांचा क्रम उलटापालटा केलेला. ओळख पटते, उपद्रव होत नाही.

हा माल पोचवण्याच्या तऱ्हा अनेक. कुणी डीएनएची वर्तुळं वापरतं, कुणी प्रथिनांचे लांब तुकडे, कुणी निरुपद्रवी केलेला विषाणू वाहन म्हणून. जपानमध्ये तर ई७ पृष्ठभागावर मांडणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू तोंडाने देऊन पाहिले, कारण आतड्यात तयार झालेल्या काही टी-पेशी गर्भाशयमुखाच्या अस्तरापर्यंत जातात.

सर्वांत पुढे गेलेली लस आणि तिचे आकडे

अमेरिकेच्या इनोव्हियो कंपनीची व्हीजीएक्स-३१०० ही या शर्यतीत सर्वांत पुढे पोचली. तिच्यात एचपीव्हीच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांच्या ई६-ई७ चे आराखडे असलेली डीएनएची वर्तुळं आहेत. एका वेळचा डोस ६ मिलिग्रॅम, १ मिलिलिटर द्रावणात, दंडाच्या स्नायूत. नुसता डीएनए टोचला तर फार थोडा पेशींच्या आत जातो. म्हणून टोचल्या टोचल्या त्याच जागी बारीक सुयांचं उपकरण लावून विजेचे अगदी छोटे झटके देतात. पेशींच्या आवरणाला क्षणभर छिद्रं पडतात आणि डीएनए आत शिरतो. स्नायू उडतो, थोडा वेळ दुखतं. पहिला डोस, मग चौथ्या आठवड्यात दुसरा, बाराव्यात तिसरा. छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा ऊती काढून तपासणी.

२०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दुसऱ्या टप्प्याचा निकाल आला: लस घेतलेल्या १०७ पैकी ५३ जणींची अवस्था मागे फिरली, म्हणजे ४९.५ टक्के. ‘निम्म्या बायका बऱ्या झाल्या’ अशी बातमी होण्यासारखाच आकडा. पण खोटी लस (तुलनेसाठी दिलेलं, औषध नसलेलं इंजेक्शन) मिळालेल्या ३६ पैकी ११ जणींचीही मागे फिरलीच होती, ३०.६ टक्के. लसीचं खरं श्रेय म्हणजे या दोन आकड्यांतला फरक, साधारण १९. अशा लसींबद्दलची कुठलीही बातमी वाचताना आधी खोट्या लसीच्या गटाचा आकडा शोधावा. तो दिलाच नसेल तर ती बातमी अर्धी आहे.

तिसऱ्या टप्प्यात कसोटी कडक केली. अवस्था मागे फिरणं पुरेसं नाही, विषाणूही गेला पाहिजे. पहिल्या चाचणीत १३१ पैकी ३१ (२३.७ टक्के), विरुद्ध ६२ पैकी ७ (११.३ टक्के). दुसऱ्या चाचणीत सगळ्या स्त्रिया धरल्या तर २७.६ विरुद्ध ८.७ टक्के. फरक खरा होता, योगायोगाचा नव्हता. पण दुसऱ्या चाचणीची मुख्य कसोटी तोवर बदललेली होती. रक्तातल्या एका जैवखुणेवरून ‘हिला लस लागू पडेल’ असं आधी ओळखायचं आणि त्या निवडक गटात फरक दाखवायचा, असं ठरलं होतं. त्या गटात मोजकीच नावं आली आणि तिथला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेत या अवस्थेसाठीचं काम थांबवलं.

हे अपयश म्हणावं का? औषध म्हणून बघितलं तर लस काम करते. पण चौघींपैकी एकीला उपयोग, नऊ महिने थांबणं आणि उरलेल्या तिघींना शेवटी तीच शस्त्रक्रिया, असा सौदा असेल तर मंजुरी देणारी यंत्रणा आणि रुग्ण दोघेही विचारणारच की मग आधीच शस्त्रक्रिया का नको.

बाकीच्या लसींतही हेच चित्र आहे. रूपांतरित देवीच्या लसीच्या विषाणूवर बसवलेल्या टिपॅपकिनोजेन सोव्हासिव्हेकने सीआयएन २-३ पूर्ण गेल्याचं प्रमाण २४ टक्के दाखवलं, खोट्या लसीत १०. जपानच्या त्या तोंडावाटे घेण्याच्या जिवाणू-लसीच्या मोठ्या डोसात ३१.७ विरुद्ध १२.५. दक्षिण कोरियाच्या जीएक्स-१८८ई ने पहिल्याच टप्प्यात सीआयएन ३ च्या ९ पैकी ७ जणी बऱ्या झाल्याचं दाखवलं. नेदरलँड्समध्ये व्हीव्हॅक्स००१ ने १८ पैकी ९. शेवटच्या दोन्हींत तुलनेचा गटच नव्हता आणि माणसं मूठभर. त्या आकड्यांवर उड्या मारण्यात अर्थ नाही.

नेमकं काय बिनसतं

टी-पेशी तयार होतात, हे रक्ततपासणीत स्पष्ट दिसतं. अडचण त्यानंतर सुरू होते. दंडात टोचल्यावर तयार झालेल्या पेशी रक्तातून हिंडत राहतात. त्यांना मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या त्या अस्तरात, अमुक एका चट्ट्यात, म्हणजे बिघडलेल्या भागात, उतरायचं असतं. तिथं सूज नसेल, बोलावणारे रासायनिक संकेत नसतील, तर त्या का उतरतील? आणि एचपीव्हीची खासियत हीच आहे की तो गाजावाजा करत नाही. रक्तात येत नाही, पेशी फोडत नाही, दाह होऊ देत नाही. म्हणून काही संशोधक लसीबरोबर गर्भाशयमुखावर इमिक्विमोडसारखं मलम लावून तिथं मुद्दाम दाह निर्माण करून पाहतात. आधी टी-पेशी तयार करायच्या, मग त्यांना जागेवर ओढायचं. मला तरी नुसत्या नव्या वाहनांपेक्षा ही दिशा जास्त पटते, कारण अडचण जिथं आहे तिथंच ती हात घालते.

उतरल्यावरही काम सोपं नाही. विषाणूचं ई५ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडण्याची यंत्रणा मंद करतं, म्हणजे ओळखपत्रच दिसत नाही. चट्ट्यात प्रतिकार दाबणाऱ्या नियामक टी-पेशी जमलेल्या असतात. ई७ मुळातच लहान, ९८ अमिनो आम्लांचं. त्याचे कुठले तुकडे मांडले जातील हे ज्या त्या व्यक्तीच्या ऊतीप्रकारावर ठरतं, म्हणून एकीला लागू पडलेली लस दुसरीला पडेलच असं नाही.

लस कुठल्या प्रकारावर बेतली आहे हाही प्रश्न आहेच. १६ आणि १८ मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत. पण अवस्था ३१, ३३ किंवा ५२ मुळे झाली असेल तर १६-१८ च्या लसीचा उपयोग नाही.

आणि मोजमापाचा घोळ वेगळाच. चाचणीत घेण्याआधी बायोप्सी करावीच लागते. चट्टा छोटा असेल तर बायोप्सीच्या चिमट्यात तो अर्धाअधिक निघून जातो, शिवाय त्या जखमेने तिथं दाह होतो आणि उरलेला भागही कधीकधी विरतो. त्यामुळे खोट्या लसीचा गटही ‘बरा’ होतो. सीआयएन ३ मध्ये दीर्घकाळ वाट पाहणं नैतिक नाही, म्हणून सहा ते नऊ महिन्यांत निकाल काढावाच लागतो. टी-पेशींना कदाचित अजून वेळ हवा असतो.

एचपीव्हीवर उपचारात्मक लस मुळीच चालत नाही असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने २००९ मध्ये बाह्य जननेंद्रियावरच्या याच प्रकारच्या पूर्वावस्थेत लांब प्रथिन-तुकड्यांची लस दिली. बारा महिन्यांनी १९ पैकी १५ जणींत फरक पडला होता, ९ जणी पूर्ण बऱ्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पॅप्झिमिओस या याच तत्त्वावरच्या लसीला मंजुरी दिली. एचपीव्ही ६ आणि ११ मुळे श्वासमार्गात पुन्हा पुन्हा गाठी वाढणाऱ्या प्रौढांसाठी ती आहे. चाचणीत ३५ पैकी १८ जणांना पुढचं वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. त्या आजारात दुसरा धड उपाय नसल्याने निम्म्यांचा आकडाही मोलाचा ठरला. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तुलना कशाशी होते, तिथं सगळा फरक पडतो.

तुलना कशाशी

तुलना आहे लीपशी. जागा बधिर करून, वीज वाहणाऱ्या तारेच्या फाशाने बिघडलेला भाग कापून काढतात. प्रत्यक्ष कापणं काही मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. दहापैकी नऊ किंवा अधिक जणींची अवस्था एकाच खेपेत जाते आणि काढलेला तुकडा तपासून आत कर्करोग लपलेला नाही ना हेही कळतं. लसीने ते कळत नाही, हा मुद्दा चर्चेत नेहमी मागे पडतो. चट्टा पूर्ण दिसत असेल आणि आतल्या कालव्यात शिरलेला नसेल तर थर्मल ॲब्लेशन हाही मार्ग आहे: किमान १०० अंश सेल्सियसची तापलेली टोपी २० ते ३० सेकंद टेकवायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते जमतं, पण तपासायला तुकडा उरत नाही.

मग लसीचा खटाटोप कशासाठी? लीप १० मिलिमीटरहून खोल गेलं तर पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून मूल व्हायचं असलेल्या तरुणींसाठी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये अवस्था पुन्हा पुन्हा उलटते, त्यांच्यासाठी. आणि जिथं कॉल्पोस्कोपी करणारंच कुणी नाही तिथं तपासणीत एचपीव्ही सापडल्या सापडल्या दंडात टोचून मोकळं होता यावं, यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये अशा लसीत कोणते गुण हवेत ते प्रसिद्ध केलं. त्यात चट्टा घालवणारी लस आणि चट्टा होण्याआधीच विषाणू घालवणारी लस अशी वेगळी विभागणी आहे. भारतासारख्या देशाला दुसरी जास्त कामाची.

तोवर हातात जे आहे ते थोडं नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साथीने १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये जगापुढे आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी आणि सापडेल त्यावर उपचार, एवढ्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथं कुठलीही नवी लस नव्हती.

अहवाल हातात असलेल्या बाईने काय करावं? सीआयएन १ असेल तर बहुधा फक्त पुन्हा तपासणी. वय कमी, मूल व्हायचं आहे आणि सीआयएन २ असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली दर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी करत दोन वर्षांपर्यंत थांबता येतं. सीआयएन ३ असेल तर लसीची वाट पाहत बसू नये. गरोदर असाल आणि कर्करोगाची शंका नसेल तर उपचार प्रसूतीनंतर. ‘पिशवीच काढून टाका, पुढे कॅन्सर होईल’ असं कुणी पहिल्याच भेटीत सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. या अवस्थेसाठी अख्खी पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही. उपचारानंतर डॉक्टर ठरवतील तशी सहा ते बारा महिन्यांत एचपीव्ही चाचणी मात्र चुकवू नये, कारण परत उलटलंय हे त्यातूनच कळतं.

कुणी लसीच्या चाचणीत यायला विचारलं तर नाव भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयवर, शोधावं. ती कुणालाही फुकट पाहता येते. सही करण्याआधी विचारायचं ते असं: माझ्या चट्ट्यातला एचपीव्हीचा प्रकार तपासलाय का आणि लस त्याच प्रकाराची आहे का? खोटी लस मिळण्याची शक्यता किती? मधल्या महिन्यांत कॉल्पोस्कोपी किती वेळा होणार आणि चट्टा वाढताना दिसला तर लगेच बाहेर काढणार का? शेवटी तो गेला नाही तर लीप कोण करणार, कुठं आणि त्याचा खर्च कुणाचा? लसीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं चाचणी करणाऱ्यांवर २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पण लस लागू न पडल्यावरची लीप ही सहसा इजा धरली जात नाही, म्हणून तिच्या खर्चाचं उत्तर संमतीपत्रात लेखी असल्याशिवाय सही करू नये.